माथेरानची मिनी ट्रेन: नेरळची गाडी आणि अमन लॉजची गाडी या दोन वेगळ्या गाड्या आहेत का?

सह्यवारा

गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन माथेरानला गेलो होतो. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जायचे आणि तिथून अमन लॉज स्थानकात माथेरानपर्यंतच धावणारी छोटी गाडी, म्हणजे शटल, पकडायची असे ठरवले होते. फलाटावर अर्धा तास बसावे लागले आणि त्या अर्ध्या तासात जे दिसले त्यावरून हा धागा काढावासा वाटला.

गाडी आली. पुढच्या डब्यांकडे पर्यटकांची धाव सुरू झाली, खिडक्यांवर रुमाल पडले, मोबाईल वर झाले. त्याच वेळी मागच्या सामानाच्या डब्यापाशी चार माणसे कसलाही गाजावाजा न करता काम करत होती. भाजीचे क्रेट, दुधाच्या पिशव्यांचे ट्रे, अंड्यांचे पुठ्ठे, गोणपाटात गुंडाळलेला पाण्याचा पंप आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची एकात एक घातलेली चळत असे सगळे त्यांनी हातोहात आत लावले आणि त्यांच्यातलाच एक जण दारात टेकून उभा राहिला. गाडी सुटली तेव्हा पुढून शिट्ट्या आणि आरडाओरडा ऐकू येत होता. मागच्या डब्यातला तो माणूस मात्र डोळे मिटून उभा होता. आई म्हणाली, "ह्याच्यासाठी ही एसटीच आहे."

या मार्गाचा इतिहास इथे बहुतेकांना माहीत असेल. मुंबईचे उद्योजक सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात सुमारे सोळा लाख रुपये खर्चून तो बांधला. दोन फुटी रूळ, जवळपास २१ किलोमीटरचे अंतर आणि नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान अशी पाचच स्थानके. आपण सगळे जिला "माथेरानची राणी" म्हणतो ती ही पूर्ण मार्गावरची गाडी. मला मात्र त्या दिवशी वाटले की अमन लॉज ते माथेरान हा शेवटचा जेमतेम तीन किलोमीटरचा तुकडा म्हणजे एक निराळीच रेल्वे आहे. त्या तुकड्याची लोकांना रोजची गरज आहे, उरलेल्या अठरा किलोमीटरांचे फक्त कौतुक आहे. हे माझे निरीक्षण बरोबर आहे का? माथेरानला राहणाऱ्यांनी आणि रेल्वेत काम केलेल्यांनी सांगावे.

जांभामाती

मी माथेरानची. लग्नानंतर बदलापूरला आले, पण माहेर अजून तिथेच आहे आणि वडिलांचे किराणा मालाचे दुकान आता भाऊ चालवतो. आपल्या आईंचे वाक्य अगदी खरे आहे, फक्त त्याला एक उपकथा जोडते.

आमच्या लहानपणी खाली जाणारी पहिली गाडी सकाळी लवकर निघत असे. दहावीनंतर कर्जतला शिकायला जाणारी मुले, नेरळच्या बाजाराला जाणारी माणसे, तारखेला जाणारे, दवाखान्यात जाणारे असे सगळे तिच्यात भेटायचे. गाडी हळू जायची हे खरे, परंतु ती आमच्या वेळेला जायची. आज नेरळहून सकाळी दोन गाड्या वर येतात आणि दुपारी दोन गाड्या माथेरानहून खाली जातात. मुंबईहून सकाळची लोकल पकडून आलेला माणूस त्यांत व्यवस्थित बसतो, पण ज्याला सकाळी दहाला कर्जतच्या तहसील कचेरीत पोहोचायचे आहे त्याला ही गाडी कशाच्याच उपयोगाची नाही. भाडे, डबे, काचेचे छत या सगळ्यांपेक्षा वेळापत्रक पाहावे, गाडी कोणासाठी आहे ते तिथे सरळ लिहिलेले असते.

त्यामुळे आम्ही लोक नेरळच्या गाडीत वर्षानुवर्षे बसत नाही. दस्तुरीपर्यंत टॅक्सी किंवा कर्जतहून येणारी एसटीची मिनी बस आणि तिथून शटल, हा आमचा रस्ता झाला आहे. शटल नव्हती तेव्हाचे दिवस मला आठवतात. दस्तुरीच्या पुढे मोटार नेता येत नाही, ते नियमाने बंद आहे आणि ते तसेच असावे. पण त्याचा अर्थ असा की मिठाच्या पुड्यापासून सिमेंटच्या गोणीपर्यंत प्रत्येक वस्तू तिथून घोड्याच्या पाठीवर, हातगाडीवर किंवा माणसाच्या डोक्यावर येते आणि त्या प्रत्येक वस्तूच्या किमतीत ही अडीच-तीन किलोमीटरची वाट मिसळते. भाऊ दुकानात एका जाड वहीत मालाची खरेदी लिहितो. तिच्यात "खालचा भाव" आणि "वरचा भाव" असे दोन रकाने वडिलांच्या काळापासून आहेत. मे २०१६ मध्ये गाडी बंद झाली आणि शटल पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०१७ उजाडला, त्या दीड वर्षात या दोन रकान्यांतले अंतर इतके वाढले की गिऱ्हाईक मलाच विचारायचे, "बाई, बिस्किटाचा पुडा काय विमानाने आणला का?"

वाटाड्या

मी माथेरानजवळच्या पेबच्या किल्ल्याला नेहमी जातो, त्यामुळे या रुळांवरून बरीच पायपीट झाली आहे. रुळांवरून चालणे हे नियमात बसत नाही आणि नव्याने जाणाऱ्यांनी ते करू नये, हे आधीच सांगून ठेवतो.

वरच्या दोन्ही प्रतिसादांत एक वर्ग राहून गेला. "स्थानिक" म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे माथेरानच्या बाजारपेठेतले लोक येतात. परंतु डोंगराच्या पायथ्याशी आणि मधल्या उतारांवर ठाकर आणि कातकरी समाजाच्या वाड्या आहेत, तिथली माणसे रोज सकाळी पायवाटेने वर चढतात, हॉटेलांत आणि बांधकामांवर काम करतात, ओझी वाहतात आणि संध्याकाळी पायवाटेनेच उतरतात. गाडी त्यांच्या वाडीवरून शिट्टी वाजवत जाते, पण ती त्यांची कधीच नव्हती. मे महिन्यात जुम्मापट्टीला गाडी थांबली की पानांच्या द्रोणांतून करवंदे आणि जांभळे विकणाऱ्या बायका खिडक्यांखाली येतात. त्यांचा आणि गाडीचा संबंध तेवढाच. त्यामुळे "पूर्वी ही गाडी लोकांची होती, आता पर्यटकांची झाली" हे मला पूर्ण पटत नाही. तीही पहिल्यापासून मुंबईच्या हवापालटासाठीच बांधली गेली होती. माथेरानच ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने १८५० मध्ये साहेब लोकांच्या उन्हाळ्यासाठी शोधून काढले, तिथे रेल्वेचे काय घेऊन बसलात?

जांभामाती

वाटाड्या, बांधली कोणासाठी आणि वापरली कोणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माझे आजोबा हवापालटाला आले नव्हते, हमाली करायला आले होते. पण वाड्यांबद्दल आपण म्हणता ते मान्य आहे. आमच्या दुकानात काम करणारा मुलगा रोज पायीच येत असे आणि आम्ही कधी त्याला "गाडीने का येत नाहीस" असे विचारल्याचे मला आठवत नाही.

जुना_ब्रेकवाला

निवृत्त माणूस आहे, वेळ भरपूर आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. नेरळची गाडी सकाळी लवकर का सोडत नाहीत, जास्त गाड्या का नाहीत, पावसाळ्यात का बंद, असे प्रश्न लोक अशा तऱ्हेने विचारतात की जणू कोणी तरी हट्टाने अडवून धरले आहे. थोडे हट्टाचे असेलही, पण बरेचसे डोंगराचे आहे.

नेरळ समुद्रसपाटीपासून सुमारे ४० मीटर उंचीवर आहे आणि माथेरान स्थानक सुमारे ८०० मीटरवर. म्हणजे २१ किलोमीटरांत साडेसातशे मीटरहून अधिक चढ, सरासरी काढली तर २७ मीटर चालल्यावर एक मीटर वर. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी चढ वीसास एक असा आहे. निलगिरीच्या गाडीला कल्लार ते कुन्नूरच्या चढावर रुळांच्या मध्ये दात्यांची पट्टी आहे, इंजिनाचे दातेरी चाक तिच्यात अडकून वर चढते. आपल्याकडे तसले काही नाही, गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक आणि त्यांच्यातली पकड, एवढ्यावर सगळा खेळ. रूळ ओले झाले, त्यावर पालापाचोळा कुजला की चाक फिरते आणि गाडी जागेवर राहते, म्हणून रुळांवर वाळू सोडावी लागते. गाडीला सहा डबे लागतात, त्यांतले दोन सामानाचे आणि गार्डचे. "दहा डबे लावा, गर्दी संपेल" असे सांगणारे दर सुट्टीत भेटतात.

दुसरी गोष्ट वळणांची. काही वळणांची त्रिज्या साठ फुटांच्या आसपास आहे. मोठ्या रेल्वेच्या माणसाला हे सांगितले तर तो हसतो. १९०७ मध्ये जर्मनीच्या ओरेनस्टीन अँड कोपेल कंपनीची जी चार वाफेची इंजिने आली त्यांचे पुढचे आणि मागचे आस पोकळ होते आणि आतल्या दुसऱ्या आसावर बसवलेले होते. त्यामुळे वळणावर ती चाके स्वतःहून थोडी तिरपी होत. क्लीन-लिंडनर पद्धत म्हणतात तिला. ती इंजिने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. त्याआधीच, १९५० च्या दशकात, युंग कंपनीची डिझेल इंजिने आली होती.

आता माझे काम सांगतो. माझ्या वेळेला डब्यांना हवेचे ब्रेक नव्हते. दोन डब्यांच्या मधल्या उघड्या फळीवर आम्ही ब्रेकपोर्टर उभे असायचो, हातात ब्रेकचे चाक. ड्रायव्हर शिट्टी देई आणि तिच्यावरून आवळायचे की सोडायचे ते आम्ही ओळखायचो. उतरताना सगळा भार आमच्यावर. जास्त आवळले तर चाक घसटत जाते आणि सपाट होते, मग पुढे आठ दिवस तो डबा टकटक करत धावतो आणि सगळ्यांना कळते की हा कोणाचा पराक्रम. कमी आवळले तर काय होते ते लिहायला नको. पावसाचे थेंब, धुके, समोरचा जोडीदार दिसत नाही, फक्त शिट्टी ऐकू येते आणि तळहाताला चाकाची धग लागते. खिडकीतली माणसे म्हणायची, "काय मजा आहे तुमची, रोज फुकट माथेरान!"

मे २०१६ मध्ये डबे रुळांवरून घसरण्याच्या दोन घटना थोड्या दिवसांच्या अंतराने झाल्या आणि सेवा बंद करण्यात आली. त्यानंतर डब्यांना हवेचे ब्रेक बसले, दरीच्या बाजूला जागोजागी कठडे आले आणि जानेवारी २०१८ मध्ये नेरळपासून गाडी पुन्हा धावली. ते योग्यच झाले. आमचे काम गेले याचे दुःख करणारे आमच्यात फारसे कोणी नव्हते.

राहता राहिला पाऊस. नेरळ ते अमन लॉज हा मार्ग डोंगराच्या कुशीवर कोरलेल्या फळीसारखा आहे. वरून दरड येते आणि खालून भराव जातो, दोन्ही बाजूंनी घात. २६ जुलै २००५ च्या पावसाने तो असा काही धुऊन नेला की गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ साल उजाडले, म्हणजे शताब्दीच्याच वर्षी. २०१९ च्या पावसात पुन्हा तेच झाले आणि ऑक्टोबर २०२२ पर्यंत नेरळची गाडी बंद राहिली. या वेळी जाळ्यांत दगड भरून भिंती बांधल्या आहेत, पाण्याला वाट ठेवली आहे. वरचा तुकडा मात्र पठारावर आहे, तिथे दरडीचे भय नाही, म्हणून शटल भर पावसातही चालू राहते. सह्यवारा यांच्या प्रश्नाचे माझे उत्तर हे असे आहे: दोन रेल्वे लोकांनी केल्या नाहीत, डोंगराने केल्या.

सह्यवारा

जुना_ब्रेकवाला, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. चाक सपाट झाल्यावर आठ दिवस टकटक करत फिरणारा डबा ही गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात मिळाली नसती.

तुम्ही निलगिरीचा उल्लेख केलात म्हणून सांगतो, तिथेही हाच प्रकार पाहिला. मेट्टुपालयमहून उटीला जाणारी दिवसाची एकच गाडी. ती वाफेच्या इंजिनाची, दात्यांच्या रुळांची, पर्यटकांनी भरलेली. कुन्नूर ते उटी या वरच्या भागात मात्र दिवसातून अनेक फेऱ्या होतात आणि त्यांत शाळकरी मुले, भाजीवाल्या बाया, कचेरीतले लोक दिसतात. म्हणजे चढाचा भाग पाहण्यासाठी आणि पठाराचा भाग जाण्यायेण्यासाठी अशी वाटणी तिथेही झालेली आहे. दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला या तिन्ही मार्गांना अनुक्रमे १९९९, २००५ आणि २००८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. माथेरान अजून संभाव्य यादीतच आहे. दर्जा मिळाला तर खर्चाला पैसा मिळेल असे काही जण म्हणतात. मला भीती अशी वाटते की मग सामानाच्या डब्यातल्या खुर्च्यांची चळत कोणाला तरी "वारशाला शोभत नाही" म्हणून खटकेल.

डोंबिवलीकरीण

इतका वेळ नुसती वाचत होते, पण पर्यटकांची बाजू मांडायला कोणीच नाही असे दिसल्यामुळे लिहिते.

आम्ही दोघे, दोन मुले आणि सासूबाई असे पहाटेच्या लोकलने नेरळला उतरलो. रांगेत उभे राहिलो, आमच्या पुढे तीस-पस्तीस माणसे होती आणि आमच्यापर्यंत येईपर्यंत पहिल्या गाडीची तिकिटे संपली. दुसऱ्या गाडीची मिळाली, तोवर मुलांनी दोनदा वडापाव खाल्ला. आत बसल्यावर मात्र अडीच तास कसे गेले ते कळले नाही. गाडी इतकी हळू जाते की मुलाने रुळांकाठचे वारूळ, त्यावरची मुंग्यांची रांग आणि तिचे दुसरे टोक असे सगळे बसल्या जागेवरून पाहिले. त्या मार्गावरचा एकमेव बोगदा येणार म्हणून तो दहा मिनिटे तोंड उघडे ठेवून ओरडायच्या तयारीत होता आणि ओरडायला सुरुवात करेपर्यंत बोगदा संपला. कड्यावरच्या गणपतीला सासूबाईंनी गाडीतूनच हात जोडले.

आता मुद्दा. माथेरानमध्ये शेती नाही, कारखाना नाही. घोडेवाला, हमाल, चिक्की विकणारा, चपला विकणारा, जांभामाती यांचे भाऊ, या सगळ्यांचे पोट आमच्यासारखे लोक वर येतात म्हणून चालते. तेव्हा "पर्यटकांची गाडी" हा शब्द येथे जरा हिणवल्यासारखा वापरला जातो आहे तो खटकला. आम्ही गेलो नाही तर शटलमध्ये भरायला भाजीचे क्रेट तरी कोणासाठी लागतील?

आणखी एक शंका. पुन्हा जायचे आहे. नेरळहून जाताना कोणत्या बाजूची खिडकी धरावी?

जांभामाती

डोंबिवलीकरीण, हिणवण्याचा हेतू नव्हता आणि आपला मुद्दा शंभर टक्के खरा आहे. पर्यटक आले नाहीत तर काय होते ते आम्ही करोनाच्या काळात पाहिले. घोड्यांना चारा घालायला पैसे नव्हते. माझे म्हणणे इतकेच की वर येणारी गाडी जितकी आपली आहे तितकीच सकाळी खाली जाणारी एक गाडी आमची असावी. पावसाळा सोडून आठ महिने, एकच फेरी. जुना_ब्रेकवाला, हे तरी डोंगराच्या नियमात बसते का?

जुना_ब्रेकवाला

बसते. पूर्वी बसत होते, आताही बसेल. अट एकच, आदल्या संध्याकाळी एक गाडी माथेरानला मुक्कामी ठेवावी लागेल, तिच्याबरोबर माणसेही. मार्ग एकेरी आहे, पण जुम्मापट्टीला आणि वॉटर पाइपला गाड्या एकमेकींना ओलांडू शकतात, त्यामुळे खाली येणारी आणि वर जाणारी यांची गाठ पडण्याची अडचण नाही. अडचण आहे ती इंजिनांची आणि माणसांची. इंजिने मोजकीच आहेत, त्यांतले एखादे दुरुस्तीला गेले की आधी शटल सांभाळावी लागते आणि ते बरोबरच आहे, हे आपणही मान्य कराल.

वाटाड्या

यात ई-रिक्षाचा विषय यायला हवा. डिसेंबर २०२२ पासून त्या प्रायोगिक तत्त्वावर धावू लागल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणे थांबावे याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु दस्तुरी ते बाजारपेठ हा नेमका शटलचाच तुकडा आहे. उद्या ई-रिक्षांची संख्या वाढली तर शटलची गरज कमी झाली असे कोणी म्हणेल का, ही शंका मला आहे.

जांभामाती

म्हणू शकेल, पण तसे होणार नाही. शाळेतली मुले आणि म्हातारी माणसे यांना ई-रिक्षा फार सोयीची आहे, माझ्या आईला तर तिच्यामुळेच दवाखान्यात एकटीने जाता येते. पण दुधाचे तीस ट्रे आणि तांदळाच्या पंधरा गोण्या एकदम घेऊन जाईल असे वाहन तिथे गाडीखेरीज दुसरे नाही. शिवाय लाल मातीचा रस्ता पावसात कसा होतो ते चालून पाहिलेल्यालाच ठाऊक. पेव्हर ब्लॉक घातले तर घोडे घसरतात म्हणून घोडेवाल्यांचा विरोध, न घातले तर रिक्षा रुततात. रुळांना यातले काहीच सोयरसुतक नाही.

भावाला काल हा धागा वाचून दाखवला. तो म्हणाला, त्या सह्यवारांना सांग, खुर्च्या आपल्याच होत्या आणि त्यातली एक उतरवताना मोडली.

जुना_ब्रेकवाला

डोंबिवलीकरीण यांच्या खिडकीच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. या मार्गावर अशी एक बाजू नाही. गाडी घोड्याच्या नालेच्या आकाराच्या वळणांनी चढते, त्यामुळे आता उजवीकडे असलेली दरी थोड्या वेळाने डावीकडे येते आणि ज्या रुळांवरून आपण आलो ते खाली दिसू लागतात. वळण आले की जागा बदलण्यासाठी उठू मात्र नका. जिथे आहात तिथेच बसा, दरी आपण होऊन तुमच्याकडे येते. सासूबाईंना डब्याच्या मधल्या बाकावर बसवा, टोकाकडच्या बाकांवर धक्के जास्त बसतात.